नैराश्य, आत्महत्या आणि मेंदूतील आधारपेशी : एक विवेचन

प्रस्तावना :

आत्महत्येची वार्ता कानी येताच 'मन कमकुवत होते' असा निवाडा देऊन समाज मोकळा होतो. महाविद्यालयाच्या आवारातही हा निवाडा ऐकू येतो आणि तो देणाऱ्यांत सुशिक्षितांची संख्या कमी नसते. ज्याला मनाची दुर्बलता म्हटले जाते, त्यामागे मेंदूतील विशिष्ट पेशींमध्ये घडलेले बदल असतील तर? गेल्या सुमारे पंचवीस वर्षांतील संशोधनाने हा प्रश्न गांभीर्याने पुढे आणला आहे. विशेष म्हणजे या पेशी चेतापेशी नव्हेत. चेतापेशींना आधार देणाऱ्या आणि म्हणूनच दीर्घकाळ उपेक्षित राहिलेल्या या पेशी होत.

आधारपेशींचे स्वरूप :

इ. स. १८५६ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी चेतापेशींना जोडून ठेवणाऱ्या घटकास 'न्यूरोग्लिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'ग्लिया' म्हणजे सरस, चिकटविण्याचा पदार्थ. नावानेच भूमिका ठरवून टाकली, असे म्हणावयास हरकत नाही. मेंदूत आधारपेशी चेतापेशींच्या दहापट असतात, हे पाठ्यपुस्तकी विधानही असेच वर्षानुवर्षे चालत आले. २००९ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा चेतापेशी सुमारे ८६ अब्ज आणि इतर पेशीही जवळपास तितक्याच आढळल्या.

या पेशींचे प्रमुख प्रकार तीन. ऑलिगोडेंड्रोसाइट चेतातंतूंवर मायलिनचे आवरण चढवितात, त्यामुळे संदेशवहनाचा वेग वाढतो. मायक्रोग्लिया या मेंदूच्या संरक्षक पेशी. तिसऱ्या ॲस्ट्रोसाइट, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पेशी. चेतापेशींच्या संधिस्थानी साचणारे ग्लुटामेट शोषून घेणे, पोटॅशियमचे प्रमाण राखणे, रक्तवाहिन्या व चेतापेशी यांच्यात दुवा साधणे ही त्यांची कामे आहेत. ग्लुटामेट वेळेवर उचलले गेले नाही, तर चेतापेशींमधील संवाद बिघडतो. नैराश्याच्या संदर्भात ॲस्ट्रोसाइटकडे लक्ष वळण्याचे हे एक कारण होय.

मेंदूच्या ऊतींवरील अभ्यास :

१९९८ मध्ये ओंगुर, ड्रेवेट्स व प्राइस यांनी भावनिक आजार असलेल्या व्यक्तींच्या मरणोत्तर मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ललाटखंडाच्या एका विशिष्ट भागात आधारपेशींची संख्या घटलेली त्यांना दिसली. पुढे कॅनडातील मॉन्ट्रियल येथील डग्लस संस्थेच्या मेंदूपेढीत या विषयावर सातत्याने काम झाले. नगीब मेशावार व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये नैराश्यग्रस्त असताना आत्महत्येने मृत्यू पावलेल्या पुरुषांच्या मेंदूंची तुलना मानसिक आजार नसलेल्या, अन्य कारणांनी अकस्मात मृत्यू आलेल्या पुरुषांच्या मेंदूंशी केली. व्हिमेंटिन या प्रथिनाच्या साहाय्याने ओळखल्या जाणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींची घनता पहिल्या गटात कमी होती. ही घट केवळ ललाटखंडापुरती नव्हती. थॅलॅमस व कॉडेट केंद्रक या खोलवरच्या भागांतही ती आढळली.

याच संस्थेतील २०१७ च्या संशोधनाचा शिक्षकांनी विशेष विचार करावयास हवा. बालपणी गंभीर अत्याचार सोसलेल्या व पुढे नैराश्यात आत्महत्येने मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मेंदूत, भावनांच्या नियमनाशी संबंधित भागात, मायलिनचे आवरण बिघडलेले दिसले. ज्यांच्या वाट्याला असे बालपण आले नव्हते, अशा आत्महत्याग्रस्तांत हा बदल आढळला नाही. सर्व आत्महत्यांना एकच जैविक कारण लावता येणार नाही, हे यावरूनच स्पष्ट व्हावे.

कारण की परिणाम ? :

मरणोत्तर ऊतीत दिसणारी घट आजाराचे कारण की आजाराचा, ताणाचा वा औषधांचा परिणाम, हे त्या ऊतीवरून सांगता येत नाही. म्हणून प्राण्यांवरील प्रयोगांना महत्त्व येते. २००८ मध्ये बनास्र व ड्युमन यांनी उंदरांच्या ललाटखंडातील आधारपेशी रसायनाने नष्ट केल्या. एरवी आवडणाऱ्या गोड पाण्यातील त्यांची रुची ओसरली. दीर्घकाळ ताणाखाली ठेवलेल्या उंदरांतही असेच घडते. त्याच भागातील चेतापेशी नष्ट केल्यावर मात्र तसे झाले नाही. म्हणजे आधारपेशींची हानी निदान काही लक्षणे निर्माण करू शकते. तथापि उंदराची अरुची म्हणजे माणसाचे नैराश्य नव्हे, आणि आत्महत्येचा विचार तर प्रयोगशाळेत उभा करताच येत नाही. कर्ज, अपमान, एकाकीपण, परीक्षेतील अपयश यांचे स्थान पेशींच्या मोजणीने रद्द होत नाही. ताण व पेशी या एकाच घटनेच्या दोन बाजू असण्याचा संभव अधिक. भारतातील मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नेही आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले आहे.

स्त्रियांच्या मेंदूंविषयीची माहिती उशिरा आली, कारण आरंभीच्या अनेक अभ्यासांत पुरुषांच्याच ऊती होत्या. २०२३ मध्ये मॉन्ट्रियलच्याच चमूने स्त्री व पुरुष दोहोंच्या ऊतींतील पेशींची जनुकीय क्रियाशीलता तपासली. पुरुषांत ॲस्ट्रोसाइट, ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशी आणि खोल स्तरांतील चेतापेशी, तर स्त्रियांत मायक्रोग्लिया आणि एका विशिष्ट प्रकारच्या चेतापेशी यांत अधिक बदल दिसले. या कामासाठी लागणाऱ्या ऊती कुटुंबीयांच्या संमतीने मिळतात. मृताच्या आजाराचा व आयुष्याचा तपशील जुळविण्यासाठी संशोधक नातलगांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतात आणि त्यावरूनच कोणता मेंदू कोणत्या गटात मोडतो, हे निश्चित केले जाते.