गुंफणीच्या आकृतींची नक्कल : एक रीत

पोथ्यांच्या नकला करतांना अक्षरांकडे जितकें लक्ष दिलें जातें तितकें आकृतींकडे दिलें जात नाहीं. गुंफणीच्या आकृतींच्या बाबतींत हें दुर्लक्ष घातक होय. चित्रकाव्यांतील नागबंध पाहावा. त्यांत श्लोकाचीं अक्षरें नागाच्या वेटोळ्यांवर क्रमानें मांडलेलीं असतात, व वेटोळीं जेथें एकमेकांस छेदतात तेथील अक्षर दोनदां वाचावें लागतें. एक छेद चुकला कीं श्लोकच लागत नाहीं. म्हणून अशी आकृति हातानें बिनचूक कशी काढावी याचा येथें विचार करूं.

ही रीत शोधण्यास दूर जावयास नको. मुंबई उपनगरांत मुलुंड, घाटकोपर येथील तामिळ घरांपुढें तांदळाच्या पिठाचें 'सिक्कु कोलम' काढलेलें आढळतें. सिक्कु म्हणजे गुंता. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळींत रेषा ठिपक्यांस जोडते. या कोलमांत ती ठिपक्यांस स्पर्श न करतां त्यांच्याभोंवतीं वळते. प्रथम समान अंतरावर ठिपके मांडावे. शेजारच्या दर दोन ठिपक्यांच्या मध्यावर फुली, म्हणजे छेद, धरावा. रेषा छेदांतून तिरकी सरळ न्यावी व कड आली कीं बाहेरच्या ठिपक्यास वळसा घालून पुन्हा आंत आणावी.

आयताकृति मांडणींत ओळींची संख्या व दर ओळींतील ठिपक्यांची संख्या यांचा जो मसावि, तितक्याच बंद रेषा निघतात. ३ ओळींत चार-चार ठिपके असतां १७ छेद पडून एकच अखंड रेषा होते. ३ ओळींत तीन-तीन असतां १२ छेद व ३ निरनिराळ्या रेषा होतात. नकलेंत एक ठिपका कमी पडला कीं आकृतीचा स्वभावच बदलतो.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांतील 'बुक ऑफ केल्स' या सुमारें इ. स. ८०० च्या लॅटिन पोथींतील गुंफणीचेंही मर्म असेंच आहे. या केल्टिक गांठी साध्या वेणींतील कांहीं छेद तोडून व टोकें जोडून सिद्ध होतात, असें रोमिली ॲलन यांनीं १९०४ सालीं दाखविलें. दोन भिन्न रेषांचा छेद असा तोडला कीं त्यांची एकच रेषा होते. भेद इतकाच कीं, केल्टिक पट्टी एका छेदावर वरून तर पुढच्यावर खालून जाते. कोलमांत वर-खाल नसते. रीतीच्या या साम्यावरून ऐतिहासिक संबंध मात्र सिद्ध होत नाहीं.

सारांश, नक्कल करणारानें आधीं छेद मोजावे, त्यांस क्रमांक द्यावे, तुटलेले छेद टिपावे व रेषा शेवटीं ओढावी. नागबंध असल्यास मुखापासून पुच्छापर्यंत बोट फिरवावें. नाग एक असो वा दोन, प्रत्येक क्रमांक एकंदर दोनदांच आला पाहिजे. तसें न झाल्यास नक्कल चुकली हें निश्चित. दारापुढील कोलम दिवसभरांत पायांखालीं पुसून जातें, परंतु ठिपक्यांची मोजणी ध्यानांत असल्यानें दुसरे दिवशीं जसेंच्या तसें उमटतें. कसर लागलेल्या पोथीस हा आधार नाहीं. म्हणून संग्राहकांनीं आपल्या याद्यांत अशा आकृतींच्या रेषांची व छेदांची संख्या अवश्य नमूद करावी.