मलिद्याचं ताट

पोहे जास्त भिजले तर त्यांचा लगदा होतो आणि कमी भिजले तर घशाशी अडतात. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायली ज्यू घरांत मलिद्याच्या दिवशी म्हणूनच हे काम जाणत्या बाईकडे असतं. ती पोहे चाळते, पाण्यातून काढून रोवळीत निथळत ठेवते आणि थोड्या वेळानं चिमूटभर पोहे बोटांत दाबून पाहते. दाणा मऊ झाला, पण अख्खा राहिला, की परातीत खवलेला ओला नारळ, साखर, वेलदोड्याची पूड आणि बदाम-पिस्त्याचे काप पडतात. मग हलक्या हातानं सगळं खालीवर करायचं. चुलीची गरज नाही.

मलिदा हा एलियाहू हन्नाबींच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूंच्या नावानं केलेला आभाराचा विधी. लग्न ठरलं, मूल झालं, नवं घर घेतलं, आजारी माणूस उठून बसला, परीक्षा पार पडली किंवा बोललेला नवस फळाला आला, की मलिदा घालायचा.

स्वयंपाकघरात त्या दिवशी कुणी रिकामं बसत नाही. एकीकडे नारळ खवणीवर असतो, दुसरीकडे खजुराच्या बिया निघत असतात. मुलांकडे फळं धुऊन पुसून आणण्याचं काम असतं. पोह्यांची रास ताटात मधोमध रचली की तिच्याभोवती फळं मांडली जातात. बहुतेक घरांत ती पाच प्रकारची असतात. सुवासासाठी गुलाबाची फुलं किंवा सब्जाची पानं.

केळं इथे पोरांना कोड्यात टाकतं. सफरचंद आणि खजूर यांच्यावर खाण्याआधी झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणायचा, मग केळ्यावर भूमीच्या फळाचा का? आजी परसातल्या केळीकडे बोट दाखवते. घड दिला की ती केळ संपते, पुढच्या वर्षी त्याच खुंटाला फळ येत नाही. म्हणून धर्मशास्त्र तिला झाडांत मोजत नाही. कोकणातल्या मुलानं घड उतरवल्यावर तोडलेली केळ पाहिलेली असते. हिब्रू आशीर्वाद त्याच्या डोक्यात पक्का बसतो तो असा, हात कामात असताना.

या समाजाचं शिक्षण दीर्घकाळ घरातच झालं. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी परंपरा आहे. त्यांचे वंशज कोकणात तेल गाळू लागले. शब्बाथच्या विश्रांतीमुळे शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. गावांवरून पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी आडनावं पडली. त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये उभारलं. अलिबागचं ‘मागेन अबोथ’ 1848 मधलं. सिनेगॉग होण्याआधीच्या पिढ्यांनी शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना जपली ती उंबरठ्याच्या आत. पंगतीत, ताटाभोवती, आईवडिलांकडून मुलांकडे हे सगळं गेलं, आणि म्हणूनच ते टिकलं.

संध्याकाळी पुरुष टोप्या घालून ताटाभोवती बसतात. सामूहिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्यामुळे ‘नऊ झाले, आणखी एक हवा’ म्हणत शेजारच्या गल्लीत फोन जातो. नुकतंच तेरावं पूर्ण केलेलं पोरगं दहावं म्हणून बसतं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताठा बघण्यासारखा असतो. कालपर्यंत ते फळं पुसत होतं. आज त्याच्यावाचून विधी अडला असता.

हज्जान, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारे, सुरुवात करतात. एलियाहू हन्नाबींचं गीत सगळे एका सुरात म्हणतात. शब्द हिब्रू, पण चाल घरातल्या आज्यांनाही पाठ. मग एकेक आशीर्वाद होतो, त्या त्या फळाची फोड हातोहात फिरते, आणि शेवटी मलिदा वाटला जातो.

अलिबागजवळच्या खंडाळा गावात एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू तिथूनच रथातून स्वर्गात गेले आणि या खुणा त्या रथाच्या, अशी श्रद्धा आहे. हिब्रू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, लोक तिथे नवस फेडायला जातात. त्यांत इस्रायलहून आलेली कुटुंबंही असतात. 1948 नंतर बहुतेक समाज तिकडे गेला. भारतात आता काही हजारच उरले आहेत. पण लोद, दिमोना, अश्दोद इथल्या घरांतही मलिदा होतो, पोहे तिथल्या भारतीय दुकानांतून येतात, आणि मराठी अडखळत बोलणाऱ्या नातवंडांना ‘पोहे दाबून बघ’ एवढं मराठी नक्की कळतं.

ताटं रिकामी झाली की न आलेल्यांसाठी डबे भरले जातात. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, ‘मुलीला नोकरी लागली की पुढचा मलिदा आमच्याकडे.’ लगेच नारळ कोण आणणार आणि दहावा माणूस कोण, याची चर्चा सुरू होते.