युनिक्स ते घरगुती संगणक : आज्ञावलीच्या स्थलांतराचा इतिहास

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. खोलीभर पसरलेले यंत्र लहान होत होत टेबलावर आले आणि पुढे खिशात मावू लागले, एवढ्यावर तो संपतो. परंतु यंत्र चालते ते त्यातील आज्ञावलीमुळे, म्हणजेच सॉफ्टवेअरमुळे. संशोधनसंस्था व विद्यापीठांतील महागड्या यंत्रांवर घडलेली आज्ञावली सामान्य माणसाच्या संगणकापर्यंत कशी पोहोचली, हा एक स्वतंत्र इतिहास आहे. आपल्या निवासी विद्यालयातील विद्यार्थ्यांना त्याचा परिचय व्हावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रथम मूळ अडचण समजून घेऊ. प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरची स्वतःची यंत्रभाषा असते. एकाच्या यंत्रभाषेतील आज्ञा दुसऱ्याला कळत नाहीत. शिवाय फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर उमटवणे, प्रिंटरकडे मजकूर पाठवणे ही कामे आज्ञावली स्वतः करीत नाही. त्यासाठी ती ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागणी करते, आणि मागणी करण्याची रीत प्रत्येक सिस्टीममध्ये निराळी असते. परिणामी, यंत्र बदलले की त्यावरील आज्ञावली निरुपयोगी ठरे आणि ग्राहक एकाच उत्पादकाशी बांधला जाई.

ही बांधणी सैल करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात युनिक्सकडे जाते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी ही ऑपरेटिंग सिस्टीम घडविण्यास प्रारंभ केला. आरंभी ती एका विशिष्ट यंत्राच्या भाषेतच लिहिलेली होती. १९७३ साली तिचा गाभा रिची यांनी तयार केलेल्या ‘सी’ या भाषेत नव्याने लिहिण्यात आला. ‘सी’मध्ये लिहिलेला मजकूर, ज्यास सोर्स कोड म्हणतात, तो कंपायलर नावाच्या आज्ञावलीच्या साहाय्याने यंत्रभाषेत उतरविता येतो. नव्या यंत्रासाठी कंपायलर तयार केला आणि यंत्राशी थेट निगडित असा थोडा भाग बदलला, की उर्वरित मजकूर जवळजवळ तसाच वापरता येतो. १९७७ साली ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठात युनिक्स अगदी वेगळ्या बनावटीच्या यंत्रावर चालवून दाखविण्यात आले.

यामागे कायद्याचाही भाग होता. १९५६ सालच्या न्यायालयीन तडजोडीनुसार बेल प्रयोगशाळेच्या मालक कंपनीला, ए. टी. अँड टी.ला, दूरध्वनीखेरीज अन्य व्यवसायात उतरण्यास मनाई होती. म्हणून युनिक्सचा सोर्स कोड विद्यापीठांना अल्प मोबदल्यात मिळू लागला. विद्यार्थ्यांनी तो वाचला, सुधारला, वाढविला. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात त्याची नवी शाखाच निर्माण झाली. मात्र १९८४ साली कंपनीचे विभाजन होऊन हे निर्बंध उठले आणि युनिक्सचा व्यापार सुरू झाला. जे काल वाचता येत होते, ते आज परवान्याच्या कुलपात गेले.

त्यापूर्वीच रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली होती. आज्ञावली वापरण्याचा, तिचा सोर्स कोड वाचण्याचा, बदलण्याचा व इतरांना देण्याचा अधिकार सर्वांस असावा, ही त्यांची भूमिका. या प्रकल्पातून कंपायलर व अनेक उपयुक्त साधने तयार झाली. उणीव होती ती सिस्टीमच्या गाभ्याची. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने घरगुती संगणकावर चालणारा लिनक्स हा गाभा तयार केला आणि पुढील वर्षी तो जीएनयूच्याच परवान्याखाली खुला केला. युनिक्सच्या धर्तीची संपूर्ण सिस्टीम आता सामान्य माणसाच्या टेबलावर आली. गंमत अशी, की हा गाभाही आरंभी एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेला होता. सोर्स कोड खुला असल्याने इतरांनी तो अन्य यंत्रांवर नेला.

ज्यांच्या संगणकावर दुसरी सिस्टीम आहे, त्यांच्यासाठीही वाटा निघाल्या. १९९५ साली सुरू झालेल्या सिग्विनने युनिक्सच्या पद्धतीच्या मागण्या विंडोजला समजतील अशा रूपात आणणारा दुभाषी पुरविला. २००१ साली आलेली ॲपलची मॅक ओएस एक्स ही सिस्टीम तर युनिक्सच्या बर्कली शाखेचा वारसा घेऊनच आली. २०१६ साली मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या आत लिनक्सच्या आज्ञावली चालविण्याची सोय केली.

दुसरी वाट म्हणजे आज्ञावली मुळातच अनेक सिस्टीमसाठी लिहिणे. फ्रान्समधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली आपल्या परिसरातील नेटवर्कवरून चित्रफिती पाहता याव्यात म्हणून एक प्रकल्प हाती घेतला. त्यातूनच आजचे व्हीएलसी घडले. ते विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. लिबरऑफिस हेही असेच. अशा लेखनात बारीकसारीक गोष्टींचे भान ठेवावे लागते. युनिक्समध्ये ओळीचा शेवट एका चिन्हाने दर्शवितात, तर विंडोजमध्ये दोन चिन्हांनी. त्यामुळे युनिक्सवरील मजकूर विंडोजच्या नोटपॅडमध्ये कित्येक वर्षे एकाच अखंड ओळीसारखा दिसे. २०१८ साली ही उणीव दूर झाली.

या साऱ्याचा मराठीशी थेट संबंध आहे. जुन्या फाँटमध्ये टंकलेखन करताना संगणक आतून इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवीत असे. वरचे देवनागरी रूप तेवढे त्या फाँटचे. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसेल, तर मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला याचे मोल सहज कळावे. संस्थांची इतिवृत्ते, सभांचे वृत्तांत, दिवंगत कार्यकर्त्यांची भाषणे अद्याप जुन्या फाँटमध्ये अडकून असतील, तर ती वाचणारा संगणक बंद पडण्यापूर्वी युनिकोडमध्ये आणून ठेवली पाहिजेत. कागद वाळवी खाते. फाइल मात्र जशीच्या तशी राहूनही अवाच्य होते.

विद्यार्थिमित्रांनो, या इतिहासातून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आज्ञावली स्थलांतर करू शकली ती यंत्रावर न अवलंबणाऱ्या भाषेमुळे, वाचण्यास खुल्या असलेल्या सोर्स कोडमुळे आणि सर्वांनी मान्य केलेल्या मानकांमुळे. यांपैकी एकही नसते, तर हे ज्ञान मोजक्या संस्थांच्या भिंतींआड राहिले असते. म्हणून संगणक शिकताना अमुक कंपनीच्या अमुक आज्ञावलीत कोणते बटण कुठे आहे, एवढ्यावर थांबू नका. फाइल म्हणजे काय, आज्ञा कशी पाळली जाते, मजकूर कसा साठवला जातो, हे जाणून घ्या. विद्यालयातील जुना संगणकही लिनक्सच्या एखाद्या हलक्या आवृत्तीवर चालू शकतो आणि त्यावर ‘सी’चा पहिला धडा गिरविता येतो. त्यासाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती जिज्ञासेची आणि चिकाटीची.