स्टेशनात गाडी लावली, पण लोकल पकडलीच नाही!

शेतकरी बंधूंनो, सरपंच आणि भाऊसाहेब मंडळींनो, कोकण भवनात काम निघालं की तुमचा दिवस कसा जातो ते जरा आठवून पाहा. पहाटे गाडी काढायची, पेण-वडखळची गर्दी सोसायची, पळस्पे फाटा ओलांडून पनवेलमार्गे बेलापूर गाठायचं. तिथं पोचेपर्यंत दहा वाजून गेलेले असतात. कचेरीच्या आवारात चिमणीला बसायला जागा नसते. रस्त्याच्या कडेला उभी करावी तर क्रेनवाला टपूनच असतो. शेवटी चहाच्या टपरीवरचा कुणीतरी सांगतो, "स्टेशनात लावा की, तिथं कोण विचारतंय?" तुम्ही वळता, पावती घेता, गाडी लावता आणि काखेत फायली मारून दहा-पंधरा मिनिटं पायी कचेरीकडं निघता. लोकल तुम्ही दुरूनच पाहिलेली असते.

हे चालतं का? आणि चालत असलं तरी करावं का? आजचा लेख याच दोन प्रश्नांपुरता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नवी मुंबईतल्या स्टेशनांच्या वाहनतळांवर पैसे भरून गाडी लावता येते आणि पावती फाडणारा पोरगा तुमच्याकडं रेल्वेचं तिकीट सहसा मागत नाही. तो मागतो पैसे. म्हणजे रेल्वेनं न जाता तिथं गाडी लावली म्हणून कुणी तुम्हाला चोर ठरवणार नाही. मात्र फलक वाचल्याशिवाय गाडी आत घालू नका. दर तासावर आहे की दिवसावर, रात्री गाडी ठेवता येते की नाही, मासिक पास कुणाला मिळतो, हे त्या फलकावर लिहिलेलं असतं. आपली सवय अशी, की पावती खिशात कोंबायची आणि संध्याकाळी हिशेबावरून हुज्जत घालायची. तसं करू नका. पावतीवर वेळ बरोबर पडली आहे का आणि गाडीचा नंबर नीट लिहिला आहे का, ते तिथंच पाहून घ्या.

आता थोडं मागचं सांगतो, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. सिडको स्थापन झाली १९७० साली. नवं शहर वसवायचं म्हणून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. भाताची खाचरं गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली, हे आपल्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पुढं १९९२ साली लोकल खाडी ओलांडून वाशीला आली, १९९३ साली बेलापूरला आणि १९९८ साली पनवेलला. या मार्गाच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोचा आणि ३३ टक्के रेल्वेचा. त्यामुळं इथली स्टेशनं मुंबईच्या जुन्या स्टेशनांसारखी नाहीत. स्टेशनाच्या इमारतीतच कचेऱ्या, दुकानं, वर मजले आणि समोर मोठं मोकळं आवार. वाशी आणि बेलापूर स्टेशन पाहिलंत की हे लगेच डोळ्यांत भरतं.

याचा अर्थ असा, की ज्या आवारात तुम्ही गाडी लावता ते रेल्वेचंच असेल असं नाही. काही जागा रेल्वेची, काही सिडकोची, रस्त्यालगतची काही महापालिकेच्या अखत्यारीतली. तुमच्या गाडीचं काही बरंवाईट झालं आणि तुम्ही स्टेशन मास्तरकडं गेलात तर तो हात वर करील, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. म्हणून पावतीवर ठेका कुणी दिला आहे ते नाव वाचा. तक्रार त्याच दारात न्यायची असते.

पावतीच्या मागं बारीक अक्षरात "गाडी मालकाच्या जबाबदारीवर" असं छापलेलं असतं. हे वाक्य म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं एका हॉटेलच्या प्रकरणात सांगितलं, की गाडीची चावी ताब्यात घेऊन गाडी स्वतः लावणाऱ्या हॉटेलला, निष्काळजीपणा झाल्यावर अशा वाक्याआड लपता येत नाही. पण स्टेशनात चावी तुमच्याच खिशात राहते, तेव्हा हा निकाल तिथं जसाच्या तसा लागू होईल अशा भरवशावर राहू नका. विम्याचा कागद चालू ठेवा आणि खरेदीखत, सातबारा, बँकेचं पासबुक गाडीच्या कप्प्यात ठेवून जाऊ नका. ही चूक करणारे कमी नाहीत.

बाजार समितीत माल घेऊन येणाऱ्यांना वेगळं सांगावं लागेल. १९९६ साली फळं-भाजीपाल्याचा घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याकडं आला, तेव्हापासून जुन्नर, नाशिक, सातारा, कुठून कुठून गाड्या रात्री इथं उतरतात. माल उतरला, पट्टी मिळायला वेळ आहे, तोवर टेम्पो सानपाडा नाही तर वाशी स्टेशनात लावून झोप काढू, असं मनात आणू नका. स्टेशनाचं आवार मोटारी आणि दुचाक्यांच्या मापानं आखलेलं असतं. पिकअप आडवी लागली की सकाळी दहा जणांच्या शिव्या खाव्या लागतात. टेम्पोची जागा बाजाराच्या आवारात आणि ट्रक टर्मिनलात.

आणखी एक. जुलै २००६ च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर स्टेशनालगत बेवारस दिसणाऱ्या गाडीकडं पोलीस वेगळ्या नजरेनं पाहतात, आणि त्यांनी तसं पाहिलंच पाहिजे. आपल्या गाडीत मात्र काय असतं? खताची गोणी, डिझेलचा कॅन, फवारणीचा पंप, वायरीचं भेंडोळं. आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण काचेतून आत डोकावणाऱ्या शिपायाच्या छातीत धस्स होतं. गाडी लावून एसटीनं दोन दिवस गावी जाणारे तर हमखास अडचणीत येतात. सार्वजनिक जागेत दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी उचलून नेण्याची परवानगी पोलीस देऊ शकतात, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ सांगतं. रेल्वेच्या हद्दीत गाडी हलवा असं रेल्वे कर्मचाऱ्यानं किंवा पोलिसानं वाजवी कारणानं सांगितलं आणि चालकानं ऐकलं नाही, तर तो रेल्वे कायद्याच्या कलम १५९ खाली गुन्हा होतो. तिथं "मी अमुक गावचा सरपंच आहे" हे सांगून उपयोग नाही.

आता दुसरा प्रश्न, करावं का?

इथं माझं मत स्पष्ट सांगतो, पटलं तर घ्या. हा वाहनतळ मुळात कुणासाठी? जो गाडी इथं ठेवून पुढं लोकलनं मुंबईला जातो त्याच्यासाठी. आणि तो कोण आहे? तो शहरातला बंगलेवाला असेलच असं नाही. पनवेल तालुक्यातल्या आतल्या गावातून मोटारसायकल दामटत येणारा, सात-साडेसातची लोकल पकडणारा आपलाच पोरगा आहे. कुठल्या तरी रुग्णालयात पाळी करणारी आपलीच लेक आहे. तिच्या गावाहून पहिल्या पाळीला पोचेल अशी एसटी नसते, म्हणून ती स्कूटी घेऊन येते. स्टेशनातली जागा कचेरीवाल्यांनी आणि समोरच्या मॉलमधल्या गिऱ्हाइकांनी भरली, की तिची गाडी रस्त्यावर लागते आणि दंड तिला बसतो. मुंबईला जाणाऱ्याला दुसरा इलाज नाही, तुम्हाला आहे, एवढाच फरक.

काही जण म्हणतील, "जमीन आमची गेली, आता तिथंच गाडी लावायला पैसे मोजायचे, वर उपदेशही ऐकायचा?" राग खोटा नाही. ज्याच्या बापाचं भाताचं शेत त्या डांबराखाली आहे, त्याला पावती फाडताना काय वाटत असेल ते मी समजू शकतो. पण त्या रागाचा धनी ठेकेदाराचा पोरगा नव्हे, आणि सकाळची ती स्कूटीवाली मुलगी तर नव्हेच नव्हे.

मग इलाज कोणता? कोकण भवनाचं किंवा सिडको भवनाचं काम असेल तर पनवेलपर्यंत एसटीनं या. पेण-रोह्याकडच्यांना रेल्वेही आहे, वेळापत्रक पाहून निघा. पनवेलहून लोकल धरलीत की खांदेश्वर, मानसरोवर, खारघर आणि चौथं बेलापूर. उरणकरांसाठी तर १२ जानेवारी २०२४ ला लोकल थेट उरणपर्यंत आली. द्रोणागिरी, न्हावा शेवा, शेमटीखार ही स्टेशनं आता दाराशी आहेत, तिथून बेलापूरला जाण्यासाठी मोटार काढायची गरजच काय? गाडी आणणं अगदीच भाग असेल, सोबत म्हातारं माणूस असेल, तर चाकरमान्यांची सकाळची घाई संपल्यावर या. प्रवेशद्वाराजवळची रांग सोडून मागं लावा आणि काम झालं की लगेच काढा.

ग्रामपंचायतींनीही एक काम करावं. आपल्या भागातल्या स्टेशनाच्या वाहनतळाची मालकी कुणाची, ठेका किती मुदतीचा, मंजूर दर काय, दुचाक्यांना किती जागा राखली आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारावं. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रेल्वेकडं वेगळा अर्ज, सिडकोकडं वेगळा आणि महापालिकेकडं वेगळा, कारण एकाकडं विचारलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. उत्तर आलं की ते ग्रामसभेत वाचा. रोज लोकलनं जाणारी पोरं त्या सभेला येतील अशी वेळ मात्र ठेवा, रविवारची सकाळ बरी.