चांदीच्या नाण्यावरचा लांडगा

आज चांदीबद्दल बोलू, पण पैंजण-जोडव्यांच्या नव्हे, नाण्यांच्या.

कॅनडाच्या सरकारी टांकसाळीने २०११ ते २०१३ या काळात जंगली प्राण्यांची सहा चांदीची नाणी काढली. पहिल्यावर लांडगा. मग अस्वल, कूगर, मूस, प्रॉन्गहॉर्न नावाचं हरणासारखं जनावर आणि शेवटी गव्याच्या जातीतला बायसन. प्रत्येकाची दहा लाखच नाणी पाडली. एका नाण्याचं वजन ३१.१ ग्रॅम, म्हणजे सराफाकडचे तीन भार आणि वर ग्रॅमभर. चांदी ९९.९९ टक्के शुद्ध.

नाण्यावर छापलेत पाच डॉलर. पण तेवढ्याला ते कोण देईल? आतली चांदीच त्याहून महाग. आणि लांडगा हवा म्हणून हौशी माणूस चांदीच्या भावावरही पैसे मोजतो. गोम इथेच आहे. चांदीचा भाव कुठलाही सराफ सांगेल, हौसेचा भाव मात्र हौशी गिऱ्हाईक भेटलं तरच. आपल्या तालुक्याच्या सराफाकडे नेलंत तर तो वजन करील, लांडग्याचे पैसे देणार नाही.

म्हणून गटाच्या बचतीतून असं नाणं घ्यावं का विचारलंत, तर आम्ही नको म्हणू. घेताना चांदीवर ३ टक्के जीएसटी जातो, नक्षीचे पैसे वेगळे. विकताना दोन्ही परत येत नाहीत. शिवाय पेरणीच्या तोंडावर एखादीला कर्ज हवं असेल, तर नाण्याचा तुकडा मोडून देता येतो का?

आपल्याकडचा गेंडा आठवतो? चार आण्यांच्या नाण्यावरचा, १९८८ पासूनचा. तो चांदीचा नव्हे, स्टीलचा. ३० जून २०११ पासून चलनातूनही गेला. तरी ‘जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील, आधी कर भरा, कमिशन पाठवा’ असे फोन बायकांना येतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय की ती असा व्यवहार करत नाही आणि त्यासाठी पैसेही मागत नाही. एक रुपयाही पाठवू नका. पाठवला गेलाच, तर लगेच १९३० वर फोन लावा.

आणि आजीच्या पेटीत खरंच जुनं चांदीचं नाणं निघालं, तर राखेने किंवा रांगोळीने घासू नका. चरे पडले की हौशी गिऱ्हाईक भाव पाडतो. माळेसाठी कडी डाकलून घेतली, तरी तेच.