आईने दुसरे घर केले, म्हणून लेकराची पोटगी तुटत नाही

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचे नाव आता लोहखनिजामुळे सर्वत्र पोहोचले आहे. त्या डोंगराभोवतीच्या माडिया गावांत काडीमोड आणि पुनर्विवाह यांना परंपरेची मान्यता आहे. नांदवत नसलेल्या नवऱ्याला सोडून स्त्री दुसरे घर करू शकते. स्वतःला पुढारलेला म्हणवणाऱ्या समाजाने हे त्यांच्याकडून शिकावे. प्रश्न उरतो तो पहिल्या घरच्या लेकराचा. "तिने दुसरा केला, आता तोच पोसेल," असे म्हणून बाप मोकळा होतो. ही पळवाट केवळ जंगलातली नाही. चंद्रपूर-बल्लारपूरच्या वस्त्यांत आणि आमच्या बौद्ध समाजातही ती सर्रास वापरली जाते. कायद्याला मात्र ती मान्य नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली. घटस्फोटित स्त्रीला पोटगी मिळते ती तिने पुनर्विवाह करेपर्यंत. लग्न केले की तिच्या नावाचा आदेश रद्द होऊ शकतो. परंतु ही अट फक्त स्त्रीला आहे. अज्ञान लेकराचा हक्क त्याच कलमात वेगळा लिहिलेला आहे, आणि तो आईच्या लग्नाला बांधलेला नाही. मूल औरस की अनौरस, हा भेदही तेथे नाही. मुस्लिम घटस्फोटितेच्या लेकरांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली हेच ठरवले: लेकरांचा हक्क आईच्या हक्काहून स्वतंत्र आहे.

हे कलम जात-धर्म पाहत नाही, ही मोठी गोष्ट आहे. 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू आहे. पण केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणून कोणी "आमची फारकत रूढीने झाली, कोर्टाचा काय संबंध?" असे विचारले, तर उत्तर सोपे आहे. फारकत रूढीने होवो की कोर्टाने, लेकराच्या पोटाचा प्रश्न दंडाधिकाऱ्यापुढे नेता येतो.

बापाने दुसरे लग्न केले तर? त्याचा नवा संसार न्यायालय विचारात घेते, रक्कम कमी-जास्त करू शकते. पण पहिले लेकरू त्याच्या हिशेबातून बाद होत नाही. सावत्र बाप माणुसकीने पोसत असेल तर त्याचा सन्मानच केला पाहिजे. परंतु त्याच्या भल्या मनामुळे जन्मदात्याची जबाबदारी फिटत नाही. गावपंचायतीत एकरकमी पैसे देऊन कागदावर आईचा अंगठा घेतात. आई स्वतःपुरते काय सोडायचे ते सोडेल. लेकराचा हक्क सोडून देण्याचा अधिकार तिलाही नाही.

"माझ्याकडे काम नाही" हे बापाचे ठरलेले उत्तर. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायको-लेकरे पोसली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली बजावले. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात 4 नोव्हेंबर 2020 रोजी त्याच न्यायालयाने आणखी दोन गोष्टी ठरवल्या: दोन्ही पक्षांनी मिळकतीचे शपथपत्र द्यावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. मोहफूल आणि तेंदूपानाच्या कमाईचा पुरावा मिळणे कठीण होते. आता खाणीत आणि ट्रकवर काम करणाऱ्याचा पगार बँकेत जमा होत असेल, तर पासबुकच साक्ष देईल. पूर्वीची दरमहा 500 रुपयांची मर्यादाही 2001 च्या दुरुस्तीने गेली आहे.

आदेश मिळून पैसे थकले, तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा. न देणाऱ्याला कैदही होऊ शकते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी घरी बसू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमाती यांना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट त्यांना नाही.

हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले. स्त्रीला नको असलेल्या लग्नातून सुटता यावे, हा त्या बिलाचा एक गाभा होता. पण पुन्हा संसार मांडण्याची किंमत तिच्या लेकराला उपाशी राहून मोजावी लागत असेल, तर ते स्वातंत्र्य कागदावरच राहील. कार्यकर्त्यांनी फारकतीच्या बैठकीला बसताना पहिला प्रश्न हाच विचारावा: लेकराला महिन्याला किती, आणि कोणत्या तारखेला?