वल्हवत गळ ओढताना: चोणक धरावा कसा आणि कुठला सोडावा



पाऊस सरून नदीचं पाणी निवळायला लागलं की संस्थेच्या कचेरीत एक प्रश्न हमखास येतो. हल्ली आपली मुलं कयाक घेऊन नदीत जातात, मागे प्लास्टिकचा खोटा मासा सोडतात, वल्हवत राहतात आणि कधीकधी चांगला चार किलोचा चोणक घेऊन घरी येतात. डिझेल नाही, जाळं नाही, खलाशी नाही. जुने होडीवाले विचारतात, "हे जमतं तरी कसं?" ज्यांना जमत नाही ती मुलंही तेच विचारतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहीत आहोत. लहान वल्ह्याच्या होडीलाही हे सगळं लागू आहे.

आधी मासा समजून घेऊ. चोणक, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात, तो पाठलाग करत फिरणारा मासा नव्हे. तो दबा धरून बसतो. पुलाचे खांब, कालवं धरलेले खडक, खारफुटीची मुळं, खाजनाच्या मानशीसमोरचं पाणी या त्याच्या जागा. सुकतीला खाजनातलं पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर सुंगटं आणि शेवटोची पिल्लं येतात. चोणक मुख्य धारेत न बसता तिच्या कडेला, आडोशाला, तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. म्हणून आपण नदीच्या मध्यातून न जाता कडेनं जायचं. एक मात्र लक्षात ठेवा. मानशीची पावणी ज्यानं घेतली आहे, तिथला हक्क त्याचा. त्याला विचारल्याशिवाय मानशीच्या तोंडाशी जाऊ नये.

दिवस कुठला निवडावा? अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी जोरात धावतं आणि गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांगाला ते मंद आणि स्वच्छ असतं. खोट्या माशाला वास नसतो. तो दिसला पाहिजे, त्याची थरथर जाणवली पाहिजे. त्यामुळे नवशिक्यांनी भांगाचे दिवस धरावेत.

आता वेग. ताशी तीन ते चार किलोमीटर, म्हणजे दमछाक न होता वल्हवता येईल एवढाच. पण इथं बरेच जण फसतात. मोबाइलवर दिसतो तो जमिनीवरचा वेग, आणि खोटा मासा चालतो पाण्यातल्या वेगावर. समजा प्रवाह ताशी दोन किलोमीटर आहे आणि तुम्ही त्याच्या विरुद्ध जाताय. मोबाइल एक दाखवत असेल, तरी मासा पाण्यात तीननं चालतोय. परतताना प्रवाहाबरोबर मोबाइलवर तेच तीन दिसलं, तर मासा जेमतेम एकनं सरकतो आणि हलतही नाही. म्हणून मोबाइल बाजूला ठेवा आणि रॉडचं टोक बघा. टोक सारखं थरथरत असेल तर मासा नीट पोहतोय. थरथर थांबली तर बहुधा पान किंवा शेवाळ अडकलंय, ओढून साफ करा. दोरी सोडण्याआधी खोटा मासा होडीच्या कडेला ओढून बघा. तिरका जात असेल तर तसाच सोडू नका.

दोरी वीस ते तीस मीटर मागे ठेवावी. खोट्या माशाच्या तोंडाला जी जीभ असते, ती लांब असेल तर तो खोल जातो, आखूड असेल तर वरच राहतो. दोरी बारीक असली आणि जास्त सोडली तरी तो आणखी खाली जातो. तरंगणारा प्रकार घ्या. जीभ तळाला ठकठक लागली की वल्हं थांबवायचं, तो आपोआप वर येतो आणि खडकात अडकत नाही.

सरळ रेषेत जाऊ नका. नागमोडी वल्हवा. दोन रॉड लावले असतील तर वळणावर बाहेरच्या बाजूचा मासा वेग घेतो, आतल्या बाजूचा मंदावतो. झटका बाहेरच्या रॉडला बसला तर त्या दिवशी चोणकाला वेग हवा आहे, आतल्याला बसला तर सावकाश जा.

चोणकाच्या कल्ल्याचं झाकण सुरीसारखं धारदार असतं. म्हणून मुख्य दोरीच्या पुढे हातभर जाड तंगूस बांधलाच पाहिजे. तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो, तेव्हा दोरी सैल पडू देऊ नका. रिळाचा ड्रॅग थोडा ढिला ठेवा, नाहीतर पहिल्या झटक्यालाच रॉड पाण्यात जाईल.

आणि आपली जुनी सवय, दोरी बोटाला किंवा पायाच्या अंगठ्याला गुंडाळून वल्हवायची, ती इथं सोडून द्या. मोठा मासा लागला की गाठ सुटत नाही, बोट कापतं, आणि हलकी होडी कलंडायला तेवढं पुरतं. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत ठेवलेलं नको. नांगर कडेला बांधू नका. सुकतीच्या ओढीत कयाक तिथंच उलटते. तो पुढच्या नाहीतर मागच्या टोकालाच बांधावा. जाताना प्रवाहाविरुद्ध जा म्हणजे दमलेल्या हातांना परतताना पाण्याची साथ मिळते. मांडवी-जुवारीत बार्ज आणि फेरीबोटींच्या वाटेत थांबू नका. त्यांना तुम्ही दिसत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं, ते सांगतो. चोणक आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. सहा-सात किलोच्या पुढचा चोणक म्हणजे बहुधा मादीच. पावसाळ्यात ती नदीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात अंडी सोडते, तीही लाखोंनी. पिल्लं मग खाडीत, खाजनात वर चढतात. म्हणजे नदीतले सगळ्यात मोठे मासे आपण काढत गेलो, तर मागे नरच राहतात.

जाळ्यात मेलेला मासा परत टाकून काही उपयोग नाही, हे आम्हालाही कळतं. पण गळाचा मासा जिवंत हाती येतो. कुठला न्यायचा आणि कुठला सोडायचा, हे ठरवायची मुभा या एका पद्धतीत आपल्याला आहे. एक किलोच्या आतलं पिल्लू सोडा. दोन ते पाच किलोचा खुशाल घरी न्या, बाजारात विका. त्याहून मोठी आई लागली तर तिला सोडायचा विचार करा. पैसे जातात, खरं आहे. चूल आपलीही आहे, म्हणून जबरदस्ती नाही.

सोडायची असेल तर खेळवत दमवू नका, लवकर जवळ घ्या. गळाचे काटे पक्कडीनं आधीच चेपून ठेवा, लवकर निघतात आणि आपल्या हातात घुसले तरी कमी त्रास. जबड्याला धरून उभी लटकवू नका, दोन्ही हातांनी आडवी धरा, शक्यतो पाण्यातच. तोंड प्रवाहाकडे करून धरा, ती स्वतः शेपटी मारून जाईपर्यंत.

कुणाला बांधणी समजली नसेल तर कचेरीत या, गाठ बांधून दाखवू. येताना आपला खोटा मासा घेऊन या.

आपली संस्था, आपली नदी.